पगडीतला बगळा

आमच्या घरात म्हशीनं नऊवारी नेसण्याला कुणाची हरकत नव्हती. काष्टा चुकण्याला होती. हे मला कळलं ते सुमनआत्याने माझी गादी उन्हात घालायला उचलली त्या सकाळी. गादीखाली मी काढलेली सगळी चित्रं होती. मी न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून दारात आले, तर आत्या पलंगाच्या कडेवर बसून एकेक कागद डोळ्यांपासून लांब धरून बघत होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, रेल्वेच्या ऑफिसात उभी हयात काढली आणि रिटायर झाल्यावर वरच्या मजल्यावर आमच्याकडे राहायला आली. येताना शिस्त ऑफिसातून घरी घेऊन आली.

“ही कोण?” तिनं विचारलं.

“म्हैस.”

“म्हैस आहे ते दिसतंय मला. हिला नेसवली कोणी? काष्टा असा बाजूला खोचतात? दोन पावलं चालली की सगळं सुटून पडेल बिचारीचं. चार लोकांत जायचंय ना हिला?”

म्हशीला चार लोकांत जायचं होतं, हे खरंच होतं. तिच्या हातात मी हळदीकुंकवाची कोयरी दिली होती. आत्या उठली, कपाटाच्या तळातून आपल्या आईचं जुनं लुगडं काढलं आणि अंगातल्या गाऊनवरूनच मला नेसून दाखवलं. निऱ्या कुठे येतात, मागे काय खोचायचं, पोटरीवर काठ कसा पडतो, सगळं. गाऊनवर लुगडं नेसलेली आत्या आरशासमोर फिरत होती आणि मी पेन्सिलीने तिच्या मागच्या बाजूचं रेखाटन करत होते. आई चहा घेऊन आली, तिनं दोघींकडे पाहिलं, कप ठेवला आणि काही न विचारता निघून गेली.

मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरात हिंदीची फोडणी दिलेली मराठी. मी तिन्ही भाषांत गप्प असे. शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकांत ससे कोट घालायचे, बेडूक छत्री घेऊन फिरायला जायचे, उंदरांच्या बायका टोप्या घालून चहा प्यायच्या. त्यांच्याकडच्या जनावरांना इतके कपडे मिळतात आणि आमच्याकडची सगळी उघडीच हिंडतात, हा मला लहानपणी फार मोठा अन्याय वाटायचा. बाबा तेव्हा एका खेड्यातल्या बँकेत होते. शाळेला सुट्टी असली की ते मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन जात आणि शाखेच्या खिडकीशी खुर्ची टाकून देत. खिडकीतून रस्ता दिसे आणि रस्त्यापलीकडे शेतं. गव्हाच्या काढणीनंतर नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरच्या मागे पांढरे बगळे चालत, कचेरीतल्या बाबू लोकांनी जमिनीच्या मोजणीला जावं तसे. शेळ्या बँकेच्या पायरीवर येऊन बसत आणि शिपाई त्यांना “चलो बाई, लंच टाइम है” म्हणून उठवे. मी बघत बसे. घरी आले की त्यांना कपडे चढवी. म्हशीला इरकली, बोकडाला जाकीट, मुंगसाला टोपी आणि काठी, साळुंकीला काठाची साडी आणि मोत्यांच्या कुड्या. आमच्याकडच्या चादरी भैरवगढच्या, लाकडी ठशांनी छापलेल्या होत्या. मी पलंगावर बसून रंगवत असल्यामुळे त्या चादरीतल्या बुट्ट्या सगळ्यांच्या उपरण्यांवर उतरल्या.

कोणाची नक्कल करावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण चेहरे आपोआप येत. म्हैस रंगवून झाली की तिच्या डोळ्यांत काकू दिसे. काकू म्हणजे खालच्या मजल्यावरची, मोठ्या काकांची बायको. तशीच संथ, तशीच सगळ्यांना दूधदुभतं पुरवणारी. माझ्या गाण्याच्या सरांचा बोकड झाला होता. टिटवीच्या चित्रापाशी आत्या त्या दिवशी जरा जास्त वेळ थांबली होती. टिटवी भुवया चढवून, छाती पुढे काढून उभी होती आणि तिच्या पंखात एक काळी पर्स होती.

“ही कोण?”

“कोणी नाही. टिटवी.”

“हं,” आत्या म्हणाली. “पर्स माझी आहे.” आणि पुढचा कागद घेतला.

पुढचा कागद बगळ्याचा होता. पांढरंशुभ्र धोतर, अंगरखा, खांद्यावर उपरणं, डोक्यावर पगडी, एक पाय वर घेतलेला, मान उंच. आत्याने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि कागद सगळ्यांच्या खाली ठेवला. पगडीबद्दलही काही बोलली नाही. म्हणजे पगडी बरोबर होती.

तो बगळा म्हणजे नाना. बाबांचे मोठे भाऊ, काकूचे यजमान, खालच्या मजल्याचे आणि तसं म्हटलं तर सगळ्या घराचे मालक. उंच, सडसडीत, घरात कायम पांढरा पायजमा. आमच्या घराची सकाळ त्यांच्या आवाजानं होई. टावर चौकाकडून रिक्षांचे भोंगे, स्टेशनाकडून गाडीची शिटी आणि या सगळ्याच्या वर नानांचं “अगं, शेव संपली का या घरातली? मतलब कोणी सांगायचं की नाही?” रविवारी ते स्वतः चौकात जाऊन पोहे-जिलबी आणत. जिलबी पोह्यांना चिकटलेली मला आवडत नसे. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पण माझी जिलबी नेहमी वेगळ्या कागदात बांधून येई. पुडा माझ्या हातात देत ते विचारत, “काय म्हणते तुमची इंग्लिश?” आणि मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत पुढे गेलेले असत. आमचं बोलणं एवढंच. ते पोह्यांतून कढीपत्त्याचं एकेक पान बोटांच्या चिमटीत अचूक धरून काढत, मान किंचित तिरकी करून, आणि बशीच्या कडेला ओळीनं ठेवत. ओशाळले किंवा अडचणीत आले की एका पायाचा तळवा दुसऱ्या पोटरीवर घासत उभे राहत. ही सवय त्यांची त्यांना माहीत नव्हती. मला वाटे, माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. ज्यांच्याशी बोलता येत नाही त्यांच्याकडे माणूस फार नीट बघतो, हे मला आज कळतं.

पगडी खरी होती. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकुनी करायला महाराष्ट्रातून इकडे हिंदी मुलखात आले आणि इथलेच झाले. त्या नोकरीतलं आता घरात दुसरं काही उरलेलं नाही, फक्त एका गोल लाकडी पेटीत ही शिंदेशाही पगडी आहे. होडीसारखी, पुढे टोक काढलेली. दसऱ्याला तिला ऊन दाखवतात आणि घरातल्या मुलीच्या लग्नात ती मुलीचा बाप घालतो. बाकी कधी कोणी तिला हात लावत नाही. मी दसऱ्याच्या उन्हात गच्चीवर बसून तिची घडी न् घडी पेन्सिलीत उतरवून घेतली होती.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मेधाताईचं, म्हणजे नानांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरलं. सासर पुण्याचं. घरात एकदम सगळ्यांची मराठी सुधारली. काकू फोनवर “अच्छा” म्हणायच्या ऐवजी “असं होय” म्हणू लागली. आत्या तेवढी बदलली नाही. “आपण काय परीक्षेला बसलोय?” ती म्हणे. पण रुखवताची काळजी तिलाच सगळ्यांत जास्त होती. नवरीकडच्या बायका हातानं केलेल्या वस्तू, लाडू, चकल्यांचे मनोरे हॉलमध्ये मांडून ठेवतात आणि व्याह्यांकडची मंडळी ते बघायला येतात. कौतुक करायला येतात, असं म्हणायचं. “त्यांच्याकडे सगळं ऑर्डर देऊन येतं आजकाल,” आत्या म्हणाली. “आपलं हाताचं दिसू दे. तुझी चित्रं लावू.”

मी नाही म्हटलं. का ते मला सांगता येईना. मग मेधाताई वर आली, माझ्या पलंगावर आडवी पडून सगळी चित्रं बघितली आणि म्हणाली, “यार, माझ्या लग्नात माझ्याकडचं कोणीतरी असू दे ना. बाकी सगळं तर मोठ्यांच्या पसंतीचं आहे.” ताईला नाही म्हणणं मला जमत नसे. मी एक अट घातली. बगळा लावायचा नाही. तो मी माझ्या कपाटात वेगळा ठेवला.

लग्नाच्या सकाळी हॉलवर पोचले तेव्हा भैरवगढच्या लाल चादरीवर अख्खी वरात मांडलेली होती. फ्रेम केलेली म्हैस, साळुंकी, मुंगूस, टिटवी, बोकड आणि सगळ्यांच्या पुढे, स्वागताला उभा केल्यासारखा, बगळा.

“काकू, हा कुठून आला?”

“तुझ्या कपाटात होता गं, राहून गेलेला. बघ ना, जनावरांच्या लग्नात मुलीचा बापच नव्हता.” काकू साखरेच्या तुळशीवृंदावनावरची मुंगी झटकत म्हणाली. तिला त्या बगळ्यात नाना दिसले नव्हते. फक्त पगडी दिसली होती आणि पगडी घालतो तो मुलीचा बाप, एवढं तिला पुरेसं होतं. तेवढ्यात सनई सुरू झाली, बायका येऊ लागल्या आणि मी तिथून निघाले.

मंगलाष्टकं होईपर्यंत मला फक्त नानांची भीती होती. अंगरखा आणि पगडी घालून ते अंतरपाटाजवळ उभे होते, मान उंच. हॉलमधल्या कोणीही एकदा त्यांच्याकडे आणि एकदा रुखवताकडे बघितलं असतं तर संपलं होतं. पण अक्षता पडल्या, हार घातले गेले, ताई हसली, रडली. सगळं नीट झालं. पानं मांडली. आणि पंगत बसेना.

वरपक्षाकडे भाऊसाहेब म्हणून होते, नवऱ्या मुलाचे सगळ्यांत थोरले काका. मुलाला वडील नव्हते, यांनीच वाढवलेला. उंच, बारीक, लांब मानेचे. त्यांनी लग्नासाठी पुणेरी पगडी आणि पांढरं धोतर घातलं होतं. त्यांच्याकडच्या एका मुलीनं त्यांना रुखवताशी उभं करून बगळ्यासोबत फोटो काढला आणि त्यांच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली काहीतरी लिहिलंही होतं. हॉलभर फोन वाजले आणि पुणेकर हसू लागले. भाऊसाहेबांनी चष्मा लावून फोटो पाहिला, मग चित्र पाहिलं आणि वरपक्षाच्या खोलीत जाऊन बसले.

ताईच्या सासूबाई काकूला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊसाहेब जेवायला नको म्हणतायत.”

“का हो? श्रीखंड चालत नाही का? बाफले आहेत, दाल आहे.”

“तसं नाही. ते म्हणतात, मानपान नाही केलात तरी चाललं असतं. पण मुलाच्या काकाचं असं चित्र काढून समोर मांडायचं…”

काकूचा चेहरा उतरला. तिला काहीच समजेना. भाऊसाहेब बसल्याशिवाय त्यांच्याकडचं कोणी पानावर बसणार नव्हतं आणि ते बसल्याशिवाय आमच्याकडचं. पानांवर मीठ-लिंबू वाढून झालं होतं. ताई खुर्चीत, हातातला हार मांडीवर घेऊन, एकदा नवऱ्याकडे आणि एकदा खोलीच्या दाराकडे बघत होती. आपल्याला आता ज्या घरात जायचंय त्या घरातलं मोठं माणूस पहिल्याच दिवशी रुसून बसलंय, आणि का, ते तिला कोणी सांगत नव्हतं. तिनं मला पाहिलं. मी खुर्च्यांच्या ढिगामागे उभी होते.

आत्या माझ्याजवळ आली. “त्यांना वाटतंय, ते आहेत.”

“ते नाहीत.”

“मला माहीत आहे. मला पगडी ओळखता येते. पुण्याच्या माणसाला सगळ्या पगड्या आपल्याच वाटतात.” तिनं पर्स काखेत घेतली. “मी सांगू, की तू सांगतेस?”

आत्याने सांगितलं असतं तर चाललं असतं. पण तिनं सांगितलं असतं तर नाना गमतीतला बगळा झाले असते, आणि तो तसा नव्हता. ते मलाच ठाऊक होतं. मी खोलीत गेले. भाऊसाहेब पगडी काढून मांडीवर घेऊन बसले होते. पगडीशिवाय ते अगदीच म्हातारे दिसत होते. भोवती त्यांच्याकडची पाच-सहा माणसं समजूत घालत होती.

“चित्र मी काढलंय,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की कोणीतरी “काय गं?” म्हणालं आणि मला परत सांगावं लागलं. “ते तुम्ही नाही. तुम्हाला मी आज पहिल्यांदा बघितलं. चित्र खूप आधीचं आहे.”

“मग कोण आहे?” भाऊसाहेबांनी विचारलं. “पगडी घालून उभं केलंय म्हणजे कोणीतरी असणारच.”

माझ्या मागे दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. अत्तराच्या वासावरून मला कळलं, नाना. समजूत काढायला ते स्वतः आले होते, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन. मागे वळून बघायचं धैर्य मला झालं नाही.

“ते आमचे नाना आहेत,” मी म्हटलं.

बाहेर वाढप्यांच्या बादल्यांचा आवाज येत होता. मी तेवढं बोलून थांबायला हवं होतं, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “पगडी आमची आहे, शिंदेशाही. टोक बघा. नाना कढीपत्ता काढतात तसा बगळा मासा धरतो. आणि मान पण… म्हणून.” सगळे माझ्या डोक्यावरून मागे दाराकडे बघायला लागले होते. मग मीही वळले.

नाना दारात उभे होते. अंगरखा, उपरणं, डोक्यावर पगडी, एका हातात वाटी, दुसरा हात चौकटीला. आणि इतके ओशाळले होते की एक पाय उचलून त्याचा तळवा दुसऱ्या पोटरीवर हळूहळू घासत होते.

पहिले हसले ते भाऊसाहेब. त्यांनी बराच वेळ ओठ दाबून धरले होते, पण मग खोकला आल्यासारखे हसले आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग सगळेच हसले. नानांना काही कळेना. त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं, पाय टेकवला, आणि मग त्यांना कळलं. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “चला, मीठ वाढून झालंय. बगळ्यांनी एका पंगतीत बसायला काय हरकत आहे?”

भाऊसाहेबांनी पगडी डोक्यावर चढवली. जाताना ते रुखवतापाशी थांबले, चित्राकडे समोरून, बाजूने बघितलं. राग गेला होता, पण मला वाटतं त्या जागी थोडी निराशा आली होती. “छान आहे,” ते म्हणाले. “रुखवत मुलीबरोबर यायचं असतं ना? मग हे आम्ही पुण्याला नेतो. आमच्या दिवाणखान्यात लावू.”

“म्हैस न्या,” नाना म्हणाले. “मुंगूस न्या, टिटवी बोलते फार, पण ती पण न्या. हा नाही मिळणार.”

“का?”

“आज घरातलं एक माणूस दिलंय तुम्हाला,” नाना म्हणाले. “दुसरं नाही देता येणार.” आणि वाढप्यावर ओरडले, “अरे भिया, कढी गार होऊन राहिली आहे, चलो!” म्हणजे पुढचं कोणी काही विचारायला नको.

ताई गेली. चित्रं तिच्याबरोबर गेली. टिटवी गेली नाही, ती आत्याने आधीच पिशवीत घालून ठेवली होती. बगळा परत आला आणि काकूने तो खालच्या बैठकीत लावला. नाना माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं होतं, एकदा बोलल्यावर आता मला सगळ्यांशी बोलता येईल, पण तसं काही होत नसतं. मी जिन्यात त्यांची चाहूल घेऊन थांबायला लागले. लग्नानंतर घर इतकं शांत झालं होतं की शेव संपली तरी ते ओरडत नव्हते. त्यांना लागलं असेल का, चार परक्या माणसांसमोर? की मुलगी गेली म्हणून गप्प आहेत? बगळा ज्याच्यावर बेतला त्याला तो पसंत आहे की नाही, हे मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

मग एका रविवारी ते चौकातून पोहे घेऊन आले आणि जिन्याखालून हाक मारली. मी खाली गेले. माझी जिलबी वेगळ्या कागदात होती. ताईच्या खुर्चीकडे पाठ करून आम्ही दोघं बसलो. त्यांनी बशी ओढली, कढीपत्त्याचं एक पान चिमटीत धरलं आणि वर बघितलं. मी बघत होते. मला नजर काढून घेता आली नाही.

त्यांनी कुर्त्याची कॉलर सारखी केली, मान जरा उंच केली, किंचित तिरकी, आणि ते पान तसंच हवेत धरून बसून राहिले. पोहे गार होत होते. मी बघून होईपर्यंत ते हलले नाहीत.